आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलच्या अंतिम सामन्याला सतरा प्रेक्षक

मैदानमास्तर (सांगली)

नमस्कार मंडळी,

सांगलीतील एका वरिष्ठ महाविद्यालयात मी गेली एकोणीस वर्षे शारीरिक शिक्षण संचालक म्हणून काम करतो. शिवाजी विद्यापीठाच्या सांगली विभागीय फुटबॉल स्पर्धेचे यजमानपद यंदा आमच्याकडे होते. पावसामुळे तारीख दोनदा पुढे गेली, काळ्या मातीचे मैदान कसेबसे वाळले, फक्कीच्या रेषा आम्ही पहाटे सहाला स्वतःच्या हाताने मारल्या आणि एका दिवसात सगळ्या फेऱ्या उरकत दुपारी तीनच्या सुमारास अंतिम सामना सुरू झाला. त्या वेळी मैदानाभोवती नजर फिरवून मी माणसे मोजली. खेळाडू, राखीव खेळाडू, पंच, संघव्यवस्थापक आणि स्पर्धा समितीचे सदस्य वगळले तर सतरा जण भरले. त्या सतरांत रुग्णवाहिकेचा चालक होता, पाण्याचे जार घेऊन आलेला मुलगा होता आणि खेळाडू असलेल्या भावाला गाडीवरून घरी न्यायला आलेला एक तरुण होता, जो पूर्ण वेळ गाडीवर पाठमोरा बसून होता. आमच्या महाविद्यालयाची पटसंख्या तीन हजारांच्या वर आहे आणि अंतिम फेरीत आमचाच संघ खेळत होता.

मुलांना फुटबॉल आवडत नाही, असे म्हणावे तर तेही खरे नाही. डिसेंबर २०२२ मध्ये अर्जेंटिना आणि फ्रान्स यांच्यात विश्वचषकाचा अंतिम सामना झाला त्या रात्री वसतिगृहातल्या आरडाओरड्याची तक्रार मला शेजारच्या सोसायटीकडून ऐकून घ्यावी लागली होती. हीच मुले मोसमात एका दुचाकीवर तिघे बसून कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर सामने पाहायला जातात. जाऊन-येऊन शंभर किलोमीटर जाणारी मुले वर्गापासून दोनशे पावलांवरच्या मैदानाकडे मात्र फिरकत नाहीत, याचा उलगडा मला आजवर झालेला नाही.

आम्ही प्रयत्न केले नाहीत असेही नाही. सूचनाफलकावर सूचना लावली, व्हॉट्सअॅपच्या प्रत्येक वर्गगटावर वेळापत्रक पाठवले, प्रवेशद्वारावर फ्लेक्स लावला. गेल्या वर्षी तर प्राचार्यांच्या परवानगीने दुपारच्या तासिका रद्द केल्या होत्या. तेव्हा मुलांनी ती अर्ध्या दिवसाची सुट्टी मानली आणि मैदान नेहमीपेक्षाही अधिक ओस पडले.

अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलची मैदाने लाख-लाख माणसांनी भरतात असे ऐकतो. तिथे असे काय केले जाते आणि त्यातले आपल्याकडे काय करता येण्यासारखे आहे, हे जाणकारांनी सांगावे. दोष आमच्या नियोजनात आहे, की आपले महाविद्यालय ही पाठराखण करण्याजोगी गोष्टच मुलांना वाटेनाशी झाली आहे? एक विनंती मात्र आहे: "मोबाईलमुळे" हे उत्तर कृपया कोणी देऊ नये. ते मी तीन बैठकांत ऐकले आहे आणि तिन्ही वेळा सांगणाऱ्याच्या हातात मोबाईलच होता.

तासगावची_एसटी

सर, मी बारा वर्षांपूर्वी सांगलीतल्याच एका महाविद्यालयाच्या संघातून फुल बॅक, म्हणजे बचावातला खेळाडू, म्हणून खेळत होतो, त्यामुळे आपल्या सतरांचे मला आश्चर्य वाटले नाही. आमच्या वेळी नऊ होते.

आपण सामना तीनला सुरू झाल्याचे लिहिले आहे आणि माझ्या मते निम्मे उत्तर तिथेच आहे. सांगलीच्या महाविद्यालयांतली बरीचशी मुले सांगलीची नसतात. ती तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ, जत या बाजूंनी एसटीच्या पासावर येतात. सकाळचे तास साडेबारापर्यंत संपतात आणि त्यानंतरची गाडी चुकली की गावाकडे जाणारी पुढची गाडी दोन-अडीच तासांनी असते. ज्या मुलाच्या पोटात सकाळच्या चहाशिवाय काही गेलेले नाही, त्याने दोन सामन्यांच्या मधल्या रिकाम्या वेळात उन्हात बसून राहावे, ही अपेक्षा फारच मोठी आहे. शिवाय विभागीय स्पर्धा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतात आणि आमच्या भागात तेव्हा द्राक्षबागांची छाटणी सुरू असते. त्या दिवसांत घरचा मुलगा म्हणजे घरचा मजूर असतो. मी स्वतः सामन्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत छाटलेल्या काड्या उचलल्या आहेत.

दुसरी गोष्ट अशी की आमच्या संघात कोण आहे, हे महाविद्यालयात कोणाला ठाऊकच नव्हते. मी महाविद्यालयाकडून फुटबॉल खेळतो, हे माझ्या बाकावरच्या मित्राला वार्षिक पारितोषिक वितरणाच्या दिवशी कळले आणि तोवर माझे अखेरचे वर्ष संपत आले होते. आपण फलकावर सूचना लावता तेव्हा तिच्यात महाविद्यालयांची नावे आणि वेळ असते. त्या सूचनेत मुलांचीही नावे असतात का?

तीन वर्षांत माझा खेळ पाहायला घरून एकदाच कोणी आले. वडील सांगलीच्या मार्केट यार्डात बेदाण्याच्या सौद्याला आले होते. सौदा लवकर आटोपला म्हणून मैदानावर आले आणि आमच्या गोलच्या मागे, हातात पिशवी घेऊन, पूर्ण वेळ उभे राहिले. आम्ही तो सामना जिंकलो. परतीच्या गाडीत त्यांनी एवढेच विचारले, "तू त्यो बॉल घिऊन म्होरं का जात न्हाईस? तुला मागंच का ठिवत्यात?" बचावफळी म्हणजे काय, हे मी त्यांना कवलापूर येईपर्यंत समजावत होतो. पुढचा सामना असता तर ते नक्की पुन्हा आले असते, पण आमचा पुढचा सामना एकदम पुढच्या वर्षी होता.

पेठेतला

वरच्या प्रतिसादातले शेवटचे वाक्य माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

माझा जन्म कोल्हापूरचा. नोकरीमुळे पंधरा वर्षे मिरजेत आहे. शाहू स्टेडियमवर गर्दी होते ती खेळाचा दर्जा पाहून होते, असा अनेकांचा समज आहे. दर्जा असतोही, पण पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही तिथल्या संघांची नावे मुळात तालमींची आहेत आणि तालीम म्हणजे पेठेचे घर. ज्या मावशींना ऑफसाइड म्हणजे काय हे आयुष्यात कळलेले नाही, त्यासुद्धा निकाल विचारतात, कारण खेळणारा मुलगा समोरच्या वाड्यातला असतो आणि त्याचा गुडघा दुखावला तर हळदीचा लेप त्यांच्याच घरून जातो. संघाशी असलेले हे नाते कोणी फ्लेक्स लावून निर्माण केलेले नाही, त्यामुळे फ्लेक्स लावून ते सांगलीत आणताही येणार नाही.

तरीही एक गोष्ट आणण्यासारखी आहे. कोल्हापूरचा मोसम काही महिने चालतो आणि तेच संघ वेगवेगळ्या स्पर्धांत पुन्हापुन्हा समोरासमोर येतात. आज हरलेला संघ महिन्याभरात त्याच संघाशी पुन्हा खेळणार असतो, म्हणून हरल्यानंतरही पेठेत पंधरा दिवस चर्चा टिकते. आपल्या विभागीय स्पर्धेत सामने बाद पद्धतीने होतात आणि वेळ वाचवण्यासाठी ते छोटेही केले जातात. सकाळी नऊला मैदानात उतरलेला संघ दहाला हरून जीपमध्ये बसतो आणि त्या महाविद्यालयाचे वर्षभराचे फुटबॉल तिथे संपते. ज्या संघाला पुढचा सामनाच नाही, त्याची पाठराखण कोणी आणि केव्हा करायची? बहुतेक महाविद्यालयांना तर स्वतःच्या मैदानावर खेळायलाही मिळत नाही. मैदानमास्तर, आपल्याला यजमानपद होते म्हणून निदान सतरा जण आले.

कोल्हापूरचे सगळेच उचलावे असेही माझे म्हणणे नाही. पेठांची ईर्षा मैदानाबाहेर येते, हुल्लडबाजी होते, पोलीस बंदोबस्त लागतो, कधी सामना थांबवावा लागतो, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. वेळ मात्र संध्याकाळची ठेवून पाहावी. नोकरदार माणूस, दुकानदार, खेळाडूंचे वडील हे सगळे पाचनंतरच मोकळे होतात.

कोलंबसचा_सांगलीकर

मी मूळचा सांगलीच्या गावभागातला. गेली अकरा वर्षे अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात राहतो. इथल्या ज्या फुटबॉलविषयी मैदानमास्तरांनी विचारले आहे तो आपला फुटबॉल नव्हे, हे आधी सांगतो. चेंडू लंबगोल असतो आणि खेळ बहुतांशी हातांनी चालतो. खेळ कोणताही असला तरी प्रेक्षकांचा प्रश्न मात्र तोच आहे.

माझ्या घरापासून वीस मिनिटांवर ओहायो स्टेट विद्यापीठाचे मैदान आहे. ते १९२२ साली उघडले, घोड्याच्या नालेच्या आकाराचे आहे आणि त्यात एक लाखाहून अधिक माणसे बसतात. शेजारच्या मिशिगन विद्यापीठाचे मैदान याहून मोठे आहे, १,०७,६०१ आसनांचे. तिथे १९७५ पासून, करोनाचे २०२० हे वर्ष सोडले तर, घरच्या प्रत्येक सामन्याला लाखावर हजेरी नोंदवली गेली आहे. सामना बहुतेक शनिवारी असतो, नियमित मोसमात साधारण बारा सामने होतात आणि त्यातले सहा-सात घरच्या मैदानावर. पेठकरांचा मुद्दा इथे तंतोतंत लागू पडतो. सप्टेंबर ते नोव्हेंबरमधला कोणता शनिवार घरचा, हे लोकांना कित्येक महिने आधी ठाऊक असते आणि लग्नाच्या तारखासुद्धा ते पाहून ठरवणारी माणसे मी पाहिली आहेत. सकाळपासून मैदानाबाहेरच्या वाहनतळांवर गाड्यांची मागची दारे उघडून, शेगड्या मांडून, स्वयंपाक चाललेला असतो. तिकीट नसलेली माणसेही तिथे दिवस काढतात. आपल्या जत्रेत देवदर्शन राहून गेले तरी जत्रा चुकत नाही, तसेच काहीसे. सामन्याआधी किंवा मध्यंतरात विद्यापीठाचे वाद्यपथक चालता चालता मैदानावर राज्याचे नाव वळणदार अक्षरांत रेखाटते आणि त्यातल्या एका अक्षरावर टिंब म्हणून एक वादक नाचत जाऊन उभा राहतो. त्या टिंबाला होणारा गजर गोलपेक्षा कमी नसतो.

आता दुसरी बाजू. सगळी मैदाने अशी भरतात हा समज चुकीचा आहे. वरच्या श्रेणीतल्या महाविद्यालयांची सरासरी हजेरी २००८ च्या सुमारास प्रत्येक सामन्याला ४६ हजारांच्या वर होती. ती घसरत २०१८ मध्ये ४१,८५६ वर आली आणि तो १९९६ नंतरचा नीचांक ठरला. हा आकडासुद्धा फुगवलेला असतो, कारण जाहीर होतो तो बहुधा विकलेल्या किंवा वाटलेल्या तिकिटांचा. वॉल स्ट्रीट जर्नलने २०१८ मध्ये प्रवेशद्वारावर तपासल्या गेलेल्या तिकिटांचे आकडे गोळा केले, तेव्हा जाहीर हजेरीतल्या शंभरांपैकी सरासरी ७१ जणच प्रत्यक्ष आत आल्याचे दिसले. वरच्या श्रेणीत राहायचे तर सरासरी १५,००० हजेरी दाखवावी लागे, असा नियम अनेक वर्षे होता. तो गाठण्यासाठी पुरस्कर्त्यांना घाऊक तिकिटे घ्यायला लावणारी महाविद्यालयेही होती. अखेर २०२३ मध्ये तो नियमच रद्द झाला.

कारणांत दूरचित्रवाणी मोठी आहे. मैदाने ओस पडतील या भीतीने महाविद्यालयांच्या राष्ट्रीय संघटनेने १९५० च्या दशकापासून प्रक्षेपणावर कडक मर्यादा घातली होती. १९८४ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाच्या मंडळाने लढवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती मर्यादा बेकायदा ठरवली. त्यानंतर वाहिन्यांचा पैसा आला आणि त्याबरोबर सामन्याची वेळ ठरवण्याचा अधिकारही त्यांच्याकडे गेला. आमच्याकडे मोठे सामने दुपारी बाराला ठेवतात म्हणून लोक चरफडतात, कारण दोनशे किलोमीटरवरून येणाऱ्या कुटुंबाला अंधारात घर सोडावे लागते. जाहिरातींच्या खंडांमुळे साठ मिनिटांचा खेळ साडेतीन तासांवर जातो. घरी पंखा असतो, सोफा असतो आणि स्वच्छतागृहापुढे रांग नसते.

अलाबामाची हकीकत तर मैदानमास्तरांनी आवर्जून वाचावी अशी आहे. तिथला संघ सतत जिंकत असे आणि तरीही विद्यार्थी मध्यंतरानंतर उठून जात. प्रशिक्षक निक सेबन यांनी यावर जाहीर नाराजी व्यक्त केली होती. २०१९ मध्ये विद्यापीठाने एक अॅप काढले. विद्यार्थी मैदानात आला की त्याच्या फोनवरून कळे आणि शंभर गुण मिळत. चौथ्या, म्हणजे शेवटच्या, सत्रापर्यंत थांबला तर आणखी अडीचशे. गुण जास्त असणाऱ्याला मोसमाअखेरच्या मोठ्या सामन्यांच्या तिकिटांसाठी प्राधान्य. पाळत ठेवल्याची टीका झाली ती झालीच, पण मला यातली गंमत वेगळीच वाटते. लाख माणसांच्या मैदानालाही शेवटी हजेरीपट घ्यावा लागला.

मैदानमास्तर

कोलंबसकर, आपल्या अॅपवरून मला माझेच एक प्रकरण आठवले; पहिल्या टिपणात ते मी सोयीस्करपणे लिहिले नव्हते.

तीन वर्षांपूर्वी मी राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांना सामन्याला सक्तीने बसवले होते. सुरुवातीला कागद फिरवला, ऐंशी सह्या झाल्या. मध्यंतरात मी मोजले तेव्हा अकरा जण होते. घरी जाऊन कागद नीट पाहिला तर सलग सहा सह्या एकाच हस्ताक्षरात, एकाच हिरव्या पेनने केलेल्या होत्या. अहवालात मी "विद्यार्थी प्रेक्षक: ८०" असेच लिहिले आणि तो अहवाल वरच्या समितीने वाखाणला. अमेरिकेत तिकिटे खपवतात, आम्ही सह्या खपवल्या, एवढाच फरक.

कृष्णाकाठची

मैदानमास्तर सर, आतापर्यंतच्या सगळ्या प्रतिसादांत प्रेक्षक म्हणजे मुलगे, वडील आणि दुकानदार असेच धरलेले दिसते. आपल्या तीन हजारांच्या पटात निम्म्या मुली असतील, कदाचित अधिक. त्या का येत नाहीत, हे त्यांना कोणी विचारले आहे का?

मी महाविद्यालयाकडून तीन वर्षे फुटबॉल खेळले आणि आता मिरजेत एका शाळेत शिकवते. आमच्या मैदानावरचे मुलींचे स्वच्छतागृह स्पर्धेच्या दिवशी कुलूपबंद असे. किल्ली एका शिपाईमामांकडे होती आणि मामा स्पर्धेच्या दिवशी जेवणाची पाकिटे आणायला बाजारात गेलेले असत. खेळाडूंची ही स्थिती, तर पाहायला येणाऱ्या मुलीने दोन-तीन तास कसे काढावेत? बसायला सावली एकच, लिंबाच्या झाडाखालची, आणि तिथे दुचाक्यांवर मुलांचे टोळके. तिथून ज्या शेरेबाजीला "प्रोत्साहन" म्हणायची पद्धत आहे, ती ऐकून घेण्यासाठी कोणती मुलगी मैत्रिणीला घेऊन येईल?

आपल्या सांगलीला स्मृती मानधनाचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. मात्र ती टीव्हीवर असते तेव्हा तिचा खेळ पाहायला स्वच्छतागृहाची किल्ली लागत नाही.

संध्याकाळी पाचनंतर सामने ठेवण्याची पेठकरांची सूचना मुलींच्या दृष्टीने बाद आहे. अंधार पडायच्या आत गावची एसटी पकडायची असते. माझी सूचना अशी की मुलींचा आणि मुलांचा सामना एकाच दिवशी, लागोपाठ आणि सकाळच्या सत्रात ठेवावा, मुलींचा आधी. मुलींच्या सामन्याला मैत्रिणी येतातच. त्या बसल्या, त्यांना खुर्ची आणि सावली मिळाली, तर पुढच्या सामन्यालाही थांबतील.

फडावरचा (पलूस तालुका)

मी फुटबॉलमधला जाणकार नाही. कुस्तीच्या मैदानांना पन्नास वर्षे जातो आहे, म्हणून चार ओळी लिहितो.

आमच्या कुंडलच्या मैदानाला हजारो माणसे जमतात. त्यांतल्या निम्म्यांना शेवटच्या मोठ्या कुस्त्यांखेरीज इतर पैलवानांची नावे आधी ठाऊक नसतात, तरी ती दुपारपासून बसतात. ती बसतात हलगीमुळे आणि निवेदकामुळे. कसलेला निवेदक पोरगा आखाड्यात उतरला की त्याचे नाव, गाव, वस्ताद, आजोबांनी कोणाला चितपट केले होते, हे सगळे एका दमात सांगतो. गावाचे नाव घेतले की त्या गावची चार माणसे गर्दीतून उठून पटका सावरतात आणि शेजारच्या गावची चार माणसे लगेच विरुद्ध पक्षाला जातात. बघता बघता अनोळखी कुस्ती सगळ्यांची होते. हिंदकेसरी मारुती माने यांच्या नावाबरोबर कवठेपिरान हे नाव आजही घेतले जाते, ते याच रिवाजाने. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकहून पदक घेऊन आले तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवले होते.

मास्तर, तुमच्या अंतिम सामन्यात ध्वनिक्षेपक होता का? आणि असला तर त्यावरून काय बोलले गेले?

मैदानमास्तर

फडावरचे काका, ध्वनिक्षेपक होता. त्यावरून "एमएच दहा क्रमांकाची गाडी रस्त्यातून काढावी" असे तीनदा सांगितले गेले. बाकी काहीही नाही.

मैदानमास्तर

दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा लिहितो आहे, कारण मधल्या काळात थोडे काही करून पाहिले.

शहरातल्या आणि मिरजेतल्या तीन महाविद्यालयांच्या सहकाऱ्यांशी बोललो. विद्यापीठाच्या स्पर्धेपेक्षा वेगळी, चार महाविद्यालयांची छोटी साखळी खेळावी, प्रत्येकाला घरच्या मैदानावर निदान एक सामना मिळावा आणि सगळे सामने शनिवारी व्हावेत, एवढीच कल्पना होती. दोघांनी लगेच होकार दिला. तिसऱ्यांनी "याविषयी परिपत्रक आले आहे का?" असे विचारले, त्यामुळे सध्या साखळी तिघांची आहे.

वेळेबाबत मी कृष्णाकाठच्या ताईंचे आणि तासगावकरांचे ऐकले. मुलींचा सामना साडेनऊला, मुलांचा पावणेअकराला आणि दुपारी एकच्या एसटीआधी सर्व मोकळे. पेठकरांचा नोकरदार प्रेक्षक त्यामुळे हातचा गेला, हे मान्य आहे. दोन्ही दरडींवर एकाच वेळी पाय ठेवता येत नाही. सामन्याच्या चार दिवस आधी फलकावर वेळापत्रकाऐवजी दोन्ही संघांतल्या मुलामुलींची छायाचित्रे, वर्ग आणि गाव लावले. गाव लिहिण्याची सूचना ज्या दोघांकडून आली त्यांनी ती आपसांत वाटून घ्यावी.

निवेदनाला बी.ए. दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा मिळाला, ज्याचे मामा गावोगावच्या मैदानांत निवेदन करतात. त्याला फुटबॉल फारसा कळत नाही. फ्री किकला तो दोनदा "डाव टाकला" म्हणाला. मात्र आमचा फुल बॅक उतरला तेव्हा त्याने "मौजे सावळज, तालुका तासगाव, बागायतदाराचं पोरगं, आजपर्यंत याच्या पायातून चेंडू गेला न्हाई" असे काही खड्या आवाजात सांगितले की लिंबाखाली बसलेल्या सावळजच्याच चार मुली एकदम उठून उभ्या राहिल्या. त्या दोन वर्षे त्याच्याच एसटीने येतात आणि तो संघात आहे हे त्यांना त्या क्षणी कळले होते. हलगी मिळाली, पण वाजवणाऱ्याच्या बिदागीसाठी कोणते खातेशीर्षक लावावे, यावर लेखापालांशी माझा अजून पत्रव्यवहार सुरू आहे.

कोलंबसकरांचा धडा लक्षात ठेवून मी दोनदा मोजले: मुलांचा सामना सुरू होताना २१२ आणि संपताना १६४. पावणेबारापासून काही जण घड्याळ पाहत उठू लागले होते. यातले किती जण भडंगाच्या गाडीसाठी आले होते, हे सांगता येणार नाही. गाडी आम्हीच फाटकाच्या आत बोलावली होती. एक-एक अशी बरोबरी झाली, आणि मिरजेची मुले जाताना "आमच्याकडे या, मग दाखवतो" असे आमच्या मुलांना बजावून गेली. एकोणीस वर्षांत आमच्या मैदानावर हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकले.

परतीचा सामना येत्या शनिवारी मिरजेत आहे. आमच्या चाळीस-पन्नास मुलांनी यायचे ठरवले आहे, त्यांत मुली बऱ्याच आहेत. तिथल्या स्वच्छतागृहाची किल्ली कोणाकडे असते, हे अजून कळलेले नाही; उद्या तास संपले की जाऊन पाहतो.